मागं काय राहिलं

माझं माहेर अकोल्याचं. वडील वकील. कोर्टात तासन्‌तास बोलायचे, पण पानावर बसले की मुके. भाजी कशी झाली असं आईनं विचारलं तर "छान" म्हणायचे, आणि बिघडली असेल तर तेवढंही म्हणायचे नाहीत. त्या एका "छान"वर आईनं सगळा संसार रेटला. मला त्यात काही उणं वाटत नसे, कारण चवीविषयी याहून जास्त काही बोलता येतं हेच मुळात ठाऊक नव्हतं.

देश स्वतंत्र होऊन सहा-सात वर्षं झाली असतील तेव्हा, ऐन माघात, माझं लग्न झालं. अमरावतीला परकोटाच्या आत एका वैद्यांच्या घरी मी सून म्हणून आले. नवरा हायस्कुलात शास्त्र शिकवायचा. सासरे, म्हणजे आमचे मामंजी, पिढीजात वैद्य. पुढे ओसरीवर रोगी बसायचे आणि मागे माजघराला लागून एक कोठी होती, तिला खिडकी म्हणून नव्हती. तिथे ज्वारीचा ढीग, काढ्यांची पातेली, चूर्णांचे डबे आणि तुपाच्या दोन बरण्या. एकीत नेहमीचं तूप. दुसरीतलं दहा-दहा वर्षं मुरवलेलं जुनं तूप, तेही औषधच. लेकरांना खोकला झाला की छातीला चोळायचं. त्याचा वास असा, की चोळून घेणारं लेकरू खोकला विसरून वासानंच रडायचं. मामंजी त्या कोठीत कधी दिवा नेत नसत. "नाक हाये ना," म्हणायचे, आणि अंधारात हात घालून नेमका हवा तो डबा बाहेर काढायचे.

त्यांचा खरा जीव होता द्राक्षासवात. दुकानात मिळतं ते काकवीसारखं तपकिरी औषध डोळ्यांसमोर आणू नका. मामंजींचं द्राक्षासव लाल होतं, उजेडात धरलं की डोळा त्यात अडकून पडावा इतकं लाल. होळी झाली की धारणीकडच्या मोटारीतून धायटीच्या फुलांचं गाठोडं यायचं. ही मेळघाटातली लाल, नखाएवढी फुलं घातल्याशिवाय आसव उठत नाही. आसव उठणं म्हणजे फसफसून आंबू लागणं. काळ्या मनुका कुटून उकळायच्या, काढा निववायचा, त्यात गूळ, मध, दालचिनी, वेलची, नागकेशर, पिंपळी आणि वरून ती फुलं घालायची. मोठ्या माठाला आतून तूप चोपडायचं, म्हणजे तो पाझरत नाही. हे तूप चोपडायचं काम वैद्याचंच, त्याला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मग झाकण ठेवून, चिखलात बुडवलेलं फडकं गुंडाळून तोंड बंद करायचं आणि माठ ज्वारीत गळ्यापर्यंत पुरायचा.

मी घरात आल्यावरची ती पहिलीच होळी. माठ पुरून आठ-दहा दिवस झाले असतील, तेव्हा सकाळी मामंजींनी मला कोठीत बोलावलं.

"कान लाव," म्हणाले.

मी पदर सावरून माठाला कान लावला. आत कुणीतरी हलक्या आवाजात बोलत होतं. दुसरा शब्द मला आजही सुचत नाही. बंद माठात, अंधारात, ज्वारीखाली ते एकसारखं चालू होतं.

"हे जिवंत आहे?" मी विचारलं.

"हाये. हे बोलायचं थांबलं की आपण बोलायचं," मामंजी म्हणाले.

वैशाखात आवाज थांबला. झाकण काढून मामंजींनी एक पेटती वात माठाच्या तोंडात धरली. ज्योत विझली तर आसव अजून उठतंय, जळत राहिली तर ते तयार झालं. ज्योत जळत राहिली. रात्री नवऱ्यानं मला त्यामागचं शास्त्र समजावलं, वायू कसा साचतो वगैरे. ते मला कळलं आणि पटलंही. पण पुढे दरवर्षी त्या ज्योतीकडे बघताना माझा श्वास अडकायचा तो अडकायचाच.

आणि मग ती रीत. सगळ्यांनी अंघोळ करून माजघरात बसायचं. चांदीच्या पळीनं पहिला घोट मामंजींनी घ्यायचा आणि काही बोलायचं नाही. मग पळी घरातल्या सर्वांत लहान माणसाकडे. त्यानं चाखून तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची: आधी काय आलं, मग काय आलं, मागं काय राहिलं. मग त्याच्याहून मोठ्यानं, असं करत शेवटी मामंजींनी. मोठ्यांचं ऐकून लहानानं री ओढू नये म्हणून ही उलटी चाल. दुसऱ्यानं सांगितलेली चव उचलायची नाही. जिभेवर नाही ते सांगायचं नाही आणि जिभेवर आहे ते गिळायचं नाही.

सर्वांत लहान मी.

"हं सूनबाई. आधी काय आलं?"

"छान आहे."

"छान लुगडं असते. चव सांग."

"गोड लागतं."

"गोड त साखरही लागते. वस्तू सांग, वस्तू. षड्रस पोथीत ऱ्हाऊ दे."

मला एकही वस्तू सांगता येईना. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कान गरम झाले, डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. सासूबाईंनी माझ्या हातातली पळी घेतली. "नवी हाये ते. कायले छळून राह्यले तिले?" असं म्हणत त्यांनी चाखलं, जरा वेळ भिंतीकडे पाहिलं आणि मामंजींनी विचारायच्या आत सांगायला लागल्या.

"आधी जांभूळ आलं. झाडावरचं नाही, खाली पडून उन्हात तापलेलं. मंग लवंग, पण विड्यातली, चावून झालेली." त्या थांबल्या. "अन् मागं कोरं लुगडं राह्यलं. घडी मोडली का येते तो वास."

मला वाटलं, सासूबाई थट्टा करताहेत. मी पुन्हा पळी मागितली. घोट घेतला, गिळला, आणि खरं सांगते, तिथे कोरं लुगडं होतं. माझ्या लग्नातल्या लुगड्यांची घडी मोडतानाचा तोच कोरा, खळीचा वास जिभेच्या मुळाशी येऊन बसला होता. लाल रंगाच्या एका घोटात उन्हातलं जांभूळ, चावलेला विडा आणि लुगड्यांची पेटी! मी वीस वर्षं जेवले होते आणि चाखलं काहीच नव्हतं. त्या दिवशी मला घेरी आल्यासारखं झालं. सासूबाई म्हणाल्या, रिकाम्या पोटी घेतलं म्हणून. तसं नव्हतं ते.

पुढची दोन वर्षं मी घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूचा वास घेत सुटले. नवी झाडणी, ओलं पायपुसणं, सरकीची ढेप, नवऱ्याच्या खिशातला खडू. नवरा म्हणायचा, बायको आणली की मांजर, काही कळत नाही. पण तिसऱ्या वैशाखात माझ्या हाती पळी आली तेव्हा मी न अडखळता बोलले. "आधी गाभुळलेली चिंच. मग जवसाची चटणी, ताजी कुटलेली. मागं पाटीवरची पेन्सिल."

मामंजींनी पळी घेऊन पुन्हा चाखलं. "पेन्सिल खात होती तू शाळेत?"

"हो."

"खात असशीनच. हाये पेन्सिल." आणि ते हसले. "बाप वकील असून पोरगी खरं बोलते."

हे खरं बोलणं त्यांना इतकं का लागायचं, तेही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. "दारू पिणाऱ्याले काहीही चालते सूनबाई. तो आपल्या मनानं पिते. औषध पिणारा आपल्या भरोशावर पिते. बाळंतीण पिते, म्हातारा पिते. ज्या वैद्याची जीभ खोटी, त्यानं दुसऱ्याच्या तोंडात काही घालू नये." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण हे वाक्य माझ्या मनात घर करून बसलं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या पौषात मामंजी तापानं पडले. तीन आठवडे अंगात ताप होता. उठले तेव्हा निम्मे झाले होते, पण उठले यातच आम्हाला आनंद. संक्रांत होऊन गेली, ते ओसरीवर बसायला लागले. एक दिवस माझ्या हातून वरण करपलं. करपलं म्हणजे शेजारच्या घरात कळावं इतकं. मी दुसरं टाकेपर्यंत मामंजी पानावर येऊन बसले होते आणि सासूबाईंनी घाईत तेच वाढलं. पूर्वी कढीत मोहरी दोन क्षण जास्त तडतडली तर ते वाटी बाजूला सरकवायचे. त्या दिवशी त्यांनी भात कालवला, सगळा संपवला आणि उठून हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मामंजींना बिनमिठाचं ताक दिलं. त्यांनी पिऊन पेला खाली ठेवला. त्याच्या पुढच्या दिवशी हिंगाचा खडा त्यांच्या उशाशी ठेवला, ते तिथेच वाचत पडून राहिले. संध्याकाळी चुलीपाशी सासूबाई मला म्हणाल्या, "त्यायचं नाक गेलं व. जीभही गेली."

"सांगितलं त्यायनं?"

"नाही. अन् तूही बोलू नको. ते सांगतीन तवा सांगतीन."

मला भीती वाटली. आंधळा माणूस आंधळा आहे हे निदान इतरांना दिसतं. मामंजी मात्र पूर्वीसारखेच चूर्णाची चिमूट नाकाशी नेत, मान हलवत आणि पुडी बांधून देत. सवयीवर चाललं होतं सगळं. त्यांच्या चेहऱ्यावर एक नवीन गोष्ट आली होती, कान टवकारल्यासारखी. समोरचा माणूस काय म्हणतो यावरून ते काहीतरी चाचपत असत. होळी आली, धायटीची फुलं आली, मामंजी एकटे अंधाऱ्या कोठीत गेले, माठाला तूप चोपडून आले, आणि माठ ज्वारीत पुरला गेला.

चैत्रात माझा दादा आला. तो कापडाच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला दोन वर्षं फ्रान्सला होता. येताना लोकरी कपड्यांत गुंडाळून त्यानं तिथल्या लाल वाइनच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. कशा आणल्या ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. दारूबंदीचे दिवस. अकोल्याला वडिलांनी त्या पाहिल्या आणि म्हणाले, "दारूबंदी आहे, मी वकील आहे, आणि तू माझा मुलगा आहेस. यातली एक तरी गोष्ट बदल, नाहीतर ह्या बाटल्या हलव." दादानं बाटल्या हलवल्या त्या थेट बदनेऱ्याच्या स्टेशनावर उतरून आमच्या घरी.

"वैद्यबुवा, हे समजणारा माणूस मला वऱ्हाडात दुसरा माहीत नाही," तो म्हणाला. "तुम्ही चाखून सांगा. तिकडे लोक एकेका घोटावर घटकाभर बोलतात. तुमच्यासारखंच."

मी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी माझ्याकडे. दादानं भाबडेपणानं मामंजींना बरोबर कोंडीत पकडलं होतं. मामंजींनी बाटली हातात घेऊन उजेडात फिरवली. मला वाटलं, आता ते म्हणतील की वैद्यानं असलं काही घेऊ नये, आणि सुटतील. पण ते म्हणाले, "बसा राजेहो. ओसरीचं दार लावून घ्या."

बूच काढायचा पेचही दादानं तिकडूनच आणला होता. फट्ट आवाज झाला तशा सासूबाई दचकल्या. मग त्यांनी विचारलं, "काय काय टाकतात याच्यात?"

"नुसती द्राक्षं."

"गूळ?" मामंजींनी विचारलं.

"नाही."

"धायटी नसन तिकडं. मंग उठवतात कायनं?"

"कशानंच नाही. द्राक्षाच्या सालीवरच असतं म्हणे, उठवणारं. चिरडून ठेवली की आपोआप."

मामंजींनी उभं आयुष्य कोठीत काढून, जंगलातली फुलं आणून, मूठमूठ मसाले घालून जे साधलं होतं, ते तिकडे एका फळानं एकट्यानं केलं होतं. हेवा वाटावा अशी गोष्ट. पण त्यांच्या तोंडावर हेवा नव्हता. देवळात गेल्यावर असतं तसं तोंड झालं होतं त्यांचं. "फळानं सोताच सोताले उठवलं," ते हळूच म्हणाले. "काय म्हणावं याले."

पहिल्या बाटलीतलं त्यांनी पळीभर घेतलं, तोंडात धरलं, गिळलं. "सूनबाई, तू सांग," ते म्हणाले. "आज मी नुसता विचारतो."

ही वाइन पातळ होती, डाळिंबाच्या दाण्यासारखी. मी म्हणाले, "आधी अंबाडीच्या बोंडांचं सरबत. मग कुजक्या पानांखालची जमीन. मागं काही नाही. पाहुणा चहा न घेता गेला तसं." दादा हसायला लागला. म्हणाला, ही थंड मुलखातली आहे, तिथे द्राक्षं पुरती पिकत नाहीत.

दुसरी दाट होती, काठाला जांभळी. नाकाशी नेली आणि माझे हात थांबले. इतकं सगळं एकदम आलं की कुठून धरावं कळेना.

"घाई नको करू," मामंजी म्हणाले. "आधी?"

"जांभूळ. पण शिजवलेलं, पाकातलं. अन् चंचीतली तंबाखू. माझ्या आजोबांची असायची ती."

"सुकी का मळलेली?"

"सुकी. चंची उघडल्याबरोबरची."

"मंग?"

मी दुसरा घोट घेतला. "चामडं. मोटेचं."

"कोरडं का ओलं?"

"ओलं. मोट आत्ताच विहिरीतून वर आली, अन् तिच्यावर ऊन पडलं."

त्यांनी डोळे मिटले होते. नवरा आणि दादा त्यांच्याकडे बघत होते. "मागं?" त्यांनी विचारलं.

"हिरड्या आवळून धरल्या."

"सुपारीनं धरतात तशा?"

मी जीभ फिरवून पाहिली. "नाही. बाभळीच्या दातणानं धरतात तशा. दातण चावून थुंकलं तरी राहते ना, ते."

"अजून हाये?"

"अजून आहे."

मामंजींनी डोळे उघडले आणि दादाकडे वळले. "हे लाकडात राह्यलं हाये राजेहो. मातीत नाही. अन् घाईत काढलेलं नाही, लई थांबलं हाये हे."

दादा उभाच राहिला. "ओकच्या पिपात ठेवतात. वर्ष, दीड वर्ष. वैद्यबुवा, तुम्हाला कसं कळलं?"

"हिनं सांगितलं ना."

सगळे हसले. म्हाताऱ्याचा विनय समजले ते. मला मात्र हसू येईना. त्यांच्या तोंडात गरम-गार सोडून काहीही पोचलं नव्हतं, हे मला माहीत होतं. माझ्या तोंडातून त्यांनी ते चाखलं होतं. समुद्रापलीकडचं, कधी न पाहिलेलं लाकूड त्यांनी एका दातणावरून ओळखलं होतं. माणसाच्या आत किती जागा असते, असं वाटून मी थक्क होऊन बसले. सासूबाईंनी तेवढ्यात आपली पळी पुरी केली आणि निकाल दिला, "एकट्या माणसाचं घर हाये हे. नीट झाडलेलं. आपल्या माठात लगीनघर असते."

वैशाख आला. माठाचा आवाज थांबला. वातीची ज्योत सरळ उभी जळली. सगळे माजघरात बसले, दादाही मुद्दाम अकोल्याहून आला होता. मामंजींनी पहिला घोट घेतला, नेहमीसारखी मान हलवली आणि पळी माझ्याकडे दिली.

आधी मनुका आल्या, भिजून फुगलेल्या. मग वेलची. आणि मग, गिळल्यावर, ते आलं. मला वाटलं चुकतंय. पुन्हा घोट घेतला. लेकरांच्या छातीला चोळायचं जुनं तूप. दाट, कडवट, नाकाच्या आतून वर चढणारं. क्षणात सगळं कळलं मला. अंधारी कोठी, दोन बरण्या, आणि नाक नसलेला माणूस.

हे बोलले तर त्यांचं सगळं उघडं पडत होतं, मुलासमोर, व्याह्यांच्या मुलासमोर. ज्या वैद्याला तुपाच्या बरण्या ओळखता येत नाहीत, त्यानं ओसरीवर कशाला बसावं? ते त्या ओसरीवरून उठले तर जगायचे नाहीत, एवढं मला समजत होतं. आणि न बोलले, तर तो लाल घोट उद्यापासून बाळंतिणींच्या पोटात जाणार होता, मामंजींच्या भरोशावर. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या आपल्या पदराच्या काठाकडे बघत होत्या.

"मागं काय राह्यलं?" मामंजींनी विचारलं.

"जुनं तूप," मी म्हणाले. "लेकरांच्या छातीले चोळतो ते."

"काहीतरीच काय," नवरा म्हणाला आणि त्यानं माझ्या हातातली पळी घेतली. चाखल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, वडिलांकडे पाहिलं.

मामंजी उठले. कोठीत जाऊन, माठाला जिच्यातलं तूप चोपडलं होतं ती बरणी घेऊन आले. उजेडात बरणीच्या आत त्यांच्या चार बोटांचे ओढलेले ठसे दिसत होते. ती त्यांनी नाकाशी धरली. खूप वेळ धरली. आत ओढलेला श्वास आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"मले काहीच येत नाही," ते म्हणाले. "तापापासून नाही."

मला रडू फुटलं. त्यांनी बरणी खाली ठेवली. "रडतेस कायले? बरोबर सांगितलं तू," म्हणाले. मग नवऱ्यानं आणि दादानं माठ उचलून परसात नेला आणि मामंजींनी तो स्वतःच्या हातानं पेरूच्या बुंध्याशी पालथा केला. काळ्या जमिनीनं ते लाल पाणी बघता बघता पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून ओसरीचं दार लागलं. येणाऱ्या रोग्यांना मामंजी आतूनच दुसऱ्या वैद्यांचा पत्ता सांगत. दिवसभर खाटेवर पडून आढ्याकडे बघत. जेवणात तर त्यांना राम नव्हताच. मी खरं बोलले होते, पण त्या खऱ्याचं ओझं मलाच उचलेना.

शेवटी सासूबाईंनीच गाठ सोडली. एका सकाळी त्यांनी चूर्णाचे डबे कोठीतून काढून मामंजींच्या खाटेसमोर मांडले आणि मला त्यांच्याजवळ बसवलं.

"त्या फिरंगी पाण्यातलं लाकूड हिच्या तोंडून कळलं तुमाले," त्या म्हणाल्या. "मंग आपल्या घरच्या चूर्णातलं नाही कळणार काहून?"

मामंजी आढ्याकडेच बघत राहिले. "दुधाची तहान ताकावर," म्हणाले.

"ताकात काय वाईट असते? जलमभर पेलं ना तुमी."

मग ते कुशीवर वळले. "पहिला डबा उघड सूनबाई," म्हणाले. "घाई नको करू."

ओसरी पुन्हा उघडली. मी दारामागे पाट टाकून बसायची. मामंजी चिमूट आत पाठवायचे, मी सांगायची, ते विचारायचे. रोग्यांना वाटायचं वैद्यबुवा सुनेला शिकवताहेत. तेही खोटं नव्हतं.

पुढच्या होळीला धायटीचं गाठोडं आलं तेव्हा मामंजी कोठीच्या दारात थांबले. "दिवा घेऊन जाय," मला म्हणाले. "अन् दिवा असला तरी वास घे. तूप तूच लाव." मी बरणी तीनदा नाकाशी नेली. माठाच्या गार अंगावर आतून हात फिरवताना मला पहिल्या दिवशीचा तो बोलण्याचा आवाज आठवत होता.

वैशाखात माठ उघडला. वात मामंजींनीच धरली, ज्योत जळत राहिली. आम्ही माजघरात बसलो. पहिला घोट वैद्याचा, म्हणून सासूबाईंनी पळी भरून त्यांच्यापुढे केली. त्यांनी ती घेतली आणि तशीच भरलेली माझ्या हातात दिली.

"आधी?" त्यांनी विचारलं आणि डोळे मिटले.

"कवठ. पिकून तडकलेलं. अन् त्याच्यावर गूळ."

"मंग?"

"नागकेशर. अन् वाळत घातलेल्या मिरच्यांचं अंगण."

"मागं काय राह्यलं?"

मी थांबले, घाई केली नाही. जे होतं तेच सांगितलं. "मागं आपली कोठी राह्यली, मामंजी. ज्वारी, गार माती, अन् बंद दार उघडल्यावरचा अंधार."

त्यांच्या तोंडात थेंबभरही आसव नव्हतं. तरी त्यांनी ओठ मिटले, गळ्याची घाटी वर गेली, आणि सावकाश घोट गिळून ते म्हणाले, "हाये. बरोबर हाये." मग त्यांनी पळी सासूबाईंकडे द्यायला सांगितलं.